वैरागडे मावशींचं इन्स्पेक्शन

वैरागडे मावशी पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या टाउनशिपचं जाकीट घालून, आणि आल्या आल्या त्यांनी खिशातून उदबत्ती काढली. दोन हजार चारचा जानेवारी होता. न्यू जर्सीत, पार्सिपनीपासून वीसेक मिनिटांवरच्या एका छोट्या गावात आम्ही भाड्याने राहत होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथे अजून ओळखीची माणसं आहेत, आणि मी अजून भिडस्तच आहे. घर भाड्याने द्यायचं तर मालकाला टाउनशिपचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, लायसन्स लागायचं आणि दर वर्षी त्यासाठी इन्स्पेक्टर घर बघून जायचा. आम्ही एखाद्या सहा फुटी गोऱ्या माणसाची वाट बघत होतो. दारात उभी होती साठीला टेकलेली, जेमतेम पाच फुटांची बाई. कपाळावर टिकली, पायात लोखंडी टोकाचे बूट, हातात टॉर्च आणि क्लिपबोर्ड. "जोगळेकर म्हणजे पुण्याचे का? मी वैरागडे, नागपूरची. अमेरिकन घरात मी बूट काढत नाही, तसा नियम आहे. आपल्या घरात काढते," असं म्हणून त्या पायरीवर बसल्या आणि नाड्या सोडायला लागल्या.

आत येऊन त्यांनी उदबत्ती लायटरने पेटवली आणि हॉलच्या मोठ्या खिडकीसमोर धरली. माझी बायको रेवती गडबडली. टाउनशिप आता वास्तुशांतही करून देतं की काय असं तिला वाटलं असावं. ती आत जाऊन हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली. "ते नंतर लाव," मावशी मान न वळवता म्हणाल्या. "आधी खिडकी." धूर वीतभर सरळ वर गेला आणि चौकटीपाशी एकदम आडवा होऊन खोलीत पळाला. "पाहून राहिलास ना? ही बंद खिडकी आहे, बाप्पा. माणसाला विचारलं तर म्हणतो, ठीक आहे, चालतंय. धुराला ती भीड नाही." स्मोक अलार्म वाजेल, असं मी घाबरत म्हणालो. "वाजला तर चांगलंच. तोही तपासायचाच आहे मला," म्हणाल्या आणि पुढच्या खिडकीकडे गेल्या.

त्यांच्या हातातला फॉर्म मी नंतर वाचला आणि माझं डोकंच फिरलं. दोन पानी फॉर्म होता. जिन्याला कठडा आहे का, अलार्म वाजतो का, गरम पाणी येतं का, किती माणसं झोपतात, दारावर घरनंबर आहे का. हीटिंगसाठी एकच ओळ होती: घर अडुसष्ट फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या वीस अंशांपर्यंत, तापतं का? तापायचं की. आमचे भिंतीच्या कडेने बसवलेले विजेचे हीटर दिवसरात्र भट्टीसारखे चालवले तर तापायचं, आणि बंद केले की तासाभरात पुन्हा गारठायचं. त्यात किती वीज जाते, ती कोण भरतो, खिडकीतून काय येतं, छतात ऊब धरून ठेवणारं इन्सुलेशन आहे की नुसती हवा, याला फॉर्ममध्ये चौकटच नव्हती. मावशी ते सगळं खाली रिमार्कच्या दोन ओळींत मुंगीएवढ्या अक्षरांत लिहायच्या. तो रिमार्क कोणी वाचत नाही हे त्यांनीच मला सांगितलं. "सोळा वर्षं झाली लिहून राहिले. एक दिवस वाचतील. न वाचून जातात कुठे?"

नागपूरहून सिव्हिल इंजिनिअर होऊन त्या लग्नानंतर इकडे आल्या होत्या. नवऱ्याचा दवाखाना उत्तम चालत होता, मुलगा ॲरिझोनात होता. आमच्या मराठी मंडळींना त्यांची नोकरी पटायची नाही. डॉक्टरांच्या बायकोने लोकांच्या तळघरात टॉर्च घेऊन वाकायचं म्हणजे काय, असं बायका दिवाळीच्या कार्यक्रमात कुजबुजायच्या. एकदा एकीने तोंडावरच विचारलं, "तुम्हाला काय गरज आहे हो?" मावशी म्हणाल्या, "मला नाही गरज. तुमच्या भाडेकरूला आहे." त्या बाईंची दोन घरं भाड्याने दिलेली होती. पुढच्या दिवाळीला मावशींना बोलावणं उशिरा आलं.

आता आमचे घरमालक प्रधान काका. मूळचे ठाण्याचे, एकोणीसशे सत्तरच्या सुमारास अमेरिकेत आलेले, केमिकल इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. गावात त्यांची तीन घरं होती आणि तिन्ही मराठी कुटुंबांना दिलेली. मला त्यांच्याबद्दल वाईट लिहिता आलं असतं तर हा लेख फार सोपा झाला असता. पण त्या माणसाने आम्हाला विमानतळावरून घरी आणलं होतं. पहिल्या हिवाळ्यात मला स्वतःचा कोट दिला, गाडी चालवायला शिकवलं, रेवतीला डोहाळे लागले तेव्हा काकूंनी अळूवडी पाठवली. लीज कसलं, तर एक कागद, त्यावर आमची दोघांची नावं. "आपण घरचीच माणसं," म्हणायचे. खिडक्यांचं काढलं की हसायचे. "प्लास्टिक लावा रे. आम्ही आलो तेव्हा वर्तमानपत्रं कोंबायचो फटीत. थंडीची सवय व्हायला लागते." मग जाताना परसातले टोमॅटो द्यायचे. टोमॅटो हातात घेऊन माणूस काय भांडणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

मावशींना हे सगळं तोंडपाठ होतं. "वाईट मालक असला नं, मी त्याला दोन महिन्यांत सरळ करते," त्या म्हणायच्या. "लायसन्स अडवते, कोर्टात नेते. या चांगल्यांचं काय करू सांग?" आणि चांगल्यांचं घोडं कुठे पेंड खातं तेही त्या सांगायच्या. "ज्याचं घर, त्याला विजेचं बिल येत नाही. ज्याला बिल येतं, त्याचं घर नाही. मग खिडकी बदलेल कोण? तू दोन वर्षांनी जाशील, तुझ्या जागी दुसरा जोगळेकर येईल. खिडकी आपली तशीच." हे वाक्य त्यांनी मला अडीच वर्षांत किमान दहा वेळा ऐकवलं असेल. दर वेळी मी मान डोलवायचो आणि दर वेळी काहीही करायचो नाही.

सप्टेंबरात जुई झाली. घरात बेडरूम एकच, आणि ती गॅरेजच्या बरोबर वर. गॅरेज उघडं, गार. त्याचं छत म्हणजे आमची जमीन, आणि मध्ये लाकडाच्या फळ्यांपलीकडे काही नाही. थंडी सुरू झाली तशी जमिनीवर अनवाणी पाय टेकवेना. पाळण्यामागची भिंत ओली राहायला लागली, मग तिच्यावर काळे ठिपके आले. रेवती ते पुसायची, आठवड्यात पुन्हा यायचे. डिसेंबरात जुईची छाती घरघरायला लागली. आम्ही तिघंही हॉलमध्ये गादी टाकून झोपलो, तर तिथे ती मोठी खिडकी. जानेवारीतल्या एका सकाळी तिचे ओठ निळसर दिसले आणि आम्ही तिला घेऊन हॉस्पिटलात पळालो. चार दिवस ती तिथे नळ्या लावून होती. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की मूल झोपतं ती खोली गार आणि ओलसर आहे का. मी हो म्हणालो. मग त्या म्हणाल्या, घरमालकाला सांगा. मी पुन्हा हो म्हणालो. ते हो म्हणायला मला इतकं सोपं गेलं की आज आठवलं तरी स्वतःचा संताप येतो.

त्याच आठवड्यात वर्षाचं इन्स्पेक्शन होतं. मावशींनी त्या दिवशी उदबत्ती काढलीच नाही. बेडरूममध्ये गेल्या, पाळण्याशेजारी जमिनीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मग भिंतीवरचे ठिपके पाहिले, औषध वाफेतून द्यायचं ते नवं मशीन पाहिलं. "प्रधानांना सांगितलंस?" मी म्हणालो, सांगितलं, त्यांनी लगेच नवा छोटा हीटर आणून दिला, फार वाईट वाटलं त्यांना. "हीटर पाळण्याजवळ ठेवलास तर मी तुझ्यावर रिपोर्ट लिहीन," त्या म्हणाल्या. "या जमिनीखाली इन्सुलेशन भरायला माणसाला दोन दिवस लागतात, दोन दिवस. टाउनशिपला लेखी तक्रार का नाही करत तू?" रेवती म्हणाली, "मावशी, काका घरच्यासारखे आहेत हो. आणि ग्रीन कार्डचं चाललंय, कुठे नाव यायला नको." मावशी तिच्याकडे वळल्या. "अगं, हे टाउनशिप आहे, इमिग्रेशन नाही. आम्ही कचऱ्याचे डबे आणि खिडक्या पाहतो. भीड भिकेची बहीण, हे तुम्ही मुलींनी ऐकलं नाही का कधी?"

त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली. दोन वर्षं खपून त्यांनी लायसन्सच्या नियमात एक दुरुस्ती लिहिली होती. पुढे ज्याला लायसन्स हवं त्याने छतात आणि गॅरेजच्या वर इन्सुलेशन भरायचं, खिडक्या-दारांच्या फटी बुजवायच्या. त्यासाठी दोन वर्षं मुदत. बस, एवढंच. मार्चमध्ये टाउनशिपच्या काउन्सिलपुढे त्याची सुनावणी होती. घरमालक तर झाडून सगळे येणार होते. पण एका काउन्सिल मेंबरने मावशींना आधीच विचारलं होतं, की गेल्या दहा वर्षांत एकाही भाडेकरूची थंडीबद्दल लेखी तक्रार नाही, मग हा कायदा हवाय कोणाला? "मी नोकर आहे, मला तिथे भाषण करता येत नाही. विचारलं तर उत्तर द्यायचं. मला एक भाडेकरू पाहिजे, मंदार. एकच. तीन मिनिटं." आत जुई खोकत होती. मी येतो म्हणालो. खरंच मनापासून म्हणालो.

सुनावणीच्या आदल्या रविवारी त्या आमच्या स्वयंपाकघरात बसल्या आणि त्यांनी ओव्हनवरचं टायमर लावलं. मी तीन पानी भाषण लिहून आणलं होतं. पहिली दहा सेकंदं ऐकून त्यांनी हात वर केला. "हे काय आहे? माननीय मेयर, सन्माननीय सदस्य, आपण मला संधी दिलीत... अरे, गणपतीच्या बक्षीस समारंभाला चालला आहेस का तू?" खरं सांगायचं तर मी मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करायचो, आणि माझी जीभ त्याच वळणाची झाली होती. त्यांनी पेन घेऊन पहिलं पान पूर्ण खोडलं. "आधी जमीन. मग भिंत. मग पोरगी आणि डॉक्टर काय म्हणाली ते. आभार शेवटी, वेळ उरला तर. नाही उरला तर बरंच." चौथ्या वेळेला मी दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपवलं. मावशींनी टायमर बंद केलं आणि रेवतीने केलेला उपमा पहिल्यांदाच मागून घेऊन खाल्ला.

सुनावणीला मी त्यांच्याच गाडीतून गेलो. टाउन हॉलच्या दारात प्रधान काका भेटले. सूट घालून आले होते, हातात कागदी पिशवी. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार, दम देणार, आणि मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. काकांनी पिशवी माझ्या हातात दिली. "जुईचा स्वेटर. काकूंनी दोन आठवड्यांत संपवला, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय तरी. आणि तू बोल हं बिनधास्त. माझं काही मनात धरू नकोस. तुझा हक्क आहे तो." एवढं बोलून खांद्यावर थोपटून ते आत जाऊन घरमालकांच्या रांगेत बसले. त्यांनी दम दिला असता तर मी वाघासारखा बोललो असतो, असं मी पुढे अनेकांना सांगितलं आहे. ते कितपत खरं आहे देव जाणे.

माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो. समोर पाच काउन्सिल मेंबर, बाजूला वेळेचा दिवा, मावशी कोपऱ्यात फाइल मांडीवर घेऊन. मी पहिलं वाक्य म्हणणार, 'माझी मुलगी गॅरेजवरच्या खोलीत झोपते', तेवढ्यात प्रधान काकांकडे नजर गेली. ते मान हलवून मला धीर देत होते. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, माननीय मेयर, सन्माननीय सदस्य. खोडलेलं पानच्या पान मला पाठ होतं. संधीबद्दल आभार मानले. या गावाने आम्हा परदेशी लोकांना सामावून घेतलं त्याबद्दल मानले. मग वाटलं, काकांना वाईट वाटायला नको, आधी त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलून घ्यावेत. आमच्यात टीका करण्याआधी तसं बोलायची पद्धत आहे. तर मी विमानतळ सांगितला, कोट सांगितला, अळूवडीसुद्धा इंग्रजीत समजावून सांगितली. आमचे घरमालक आम्हाला वडिलांच्या जागी आहेत, असं म्हणालो. पिवळा दिवा लागला. मी घाईघाईने 'तथापि' म्हणालो, गॅरेज एवढा एक शब्द उच्चारला, आणि लाल दिवा लागला.

एक मेंबर पुढे झुकून म्हणाला, म्हणजे तुम्ही तुमच्या घरमालकावर खूश आहात? तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. नाही म्हणायचं होतं, किंवा निदान, माणसावर खूश आहे, जमिनीवर नाही, असं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "येस, व्हेरी हॅपी, बट..." तो 'बट' टाळ्यांत बुडाला. घरमालकांच्या रांगेतून टाळ्या आल्या, प्रधान काकांचे डोळे पाणावलेले दिसले, आणि मेंबर म्हणाला, धन्यवाद, पुढचे कोण. दुरुस्ती तीन विरुद्ध दोन मतांनी पडली. पडण्याआधी एकाने भाषण केलं, की आज आपण ज्या एकमेव भाडेकरूला ऐकलं तो तर समाधानी आहे.

परतीच्या वाटेवर मावशींनी गाडीचा हीटर लावला. मी सॉरी म्हणालो. पुन्हा म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "खोटं नाही बोललास तू. प्रधान चांगलाच माणूस आहे." सिग्नलला थांबल्यावर पुढे म्हणाल्या, "चांगल्या माणसाला पण कायदा लागतो रे. कायद्याने सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही, आणि तुम्ही तर सांगत नाही." मला त्यांनी शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं. त्यांनी घरापाशी सोडलं, काचेतून हात केला आणि गेल्या. घरात शिरल्यावर रेवतीने विचारलं, कसं झालं. मी तिला स्वेटर दिला. तिने तो उलटून पालटून पाहिला आणि ती आत गेली. आमच्या घरात त्या दिवसापासून तो स्वेटर जुईला कोणी घातला नाही, आणि काकूंना मात्र आम्ही अगदी बरोबर बसतो म्हणून कळवलं.

पुढच्या ऑक्टोबरात एका रविवारी मावशी पुन्हा दारात. टाउनशिपचं जाकीट नव्हतं; जुनी पँट, हातात फटी बुजवायच्या, मेणासारख्या मऊ, मातकट दोऱ्यांचं बंडल. "आज मी इन्स्पेक्टर नाही. इन्स्पेक्टरने हे केलं तर नोकरी जाईल. चल, शिडी आण." दिवसभर आम्ही खिडक्यांच्या फटींत ती दोरी अंगठ्याने दाबत बसलो. जुई त्यांच्या मांडीवर बसून त्या दोरीच्या गोळ्या करत होती. हॉल जरा उबदार झाला, हे खरं. पण गॅरेजच्या वरच्या जमिनीला दोरी काय करणार? ती मालकानेच करायची गोष्ट होती, आणि मालकाला सांगायचं धाडस मी पुन्हा केलं नाही. त्या हिवाळ्यात जुई आणखी दोनदा हॉस्पिटलात गेली. मावशी दर वेळी येऊन बसायच्या, आणि तिथेसुद्धा खिडकीच्या कडेने बोट फिरवून बघायच्या. रेवती एकदा रडत म्हणाली, "मावशी, तुम्ही आमच्यावर चिडत का नाही?" त्या म्हणाल्या, "चिडून राहिले ना. रोज चिडते. पण तुमच्यावर चिडून खिडकी बुजते का?"

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात आम्ही स्वतःचं टाउनहाउस घेतलं आणि बाहेर पडलो. मी पहिलं काम केलं ते इन्सुलेशनचं. आठवड्यात झालं, सांगायला लाज वाटते इतकं सोपं. जुईचं ते मशीन दुसऱ्या हिवाळ्यानंतर माळ्यावर गेलं. जुनं घर सोडताना पुढच्या भाडेकरूंना किल्ली द्यायला प्रधान काकांनी मलाच सांगितलं होतं. नवं जोडपं पुण्याचंच, केतन आणि स्नेहल, लग्न होऊन वर्ष झालेलं. स्नेहलने विचारलं, "दादा, घर कसं आहे?" मी तिला जवळचं देसी ग्रोसरी स्टोअर दाखवलं, कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा ते सांगितलं. मग म्हणालो, "काका फार चांगले आहेत. काही काळजी करू नका." बेडरूम दाखवताना मी भिंतीकडे पाहिलंही नाही, काकांनी तिला नुकताच रंग दिला होता.

दोन हजार आठच्या जानेवारीत ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मावशींचा फोन आला. "तुझं जुनं घर आज पास केलं," त्या म्हणाल्या. "फॉर्मप्रमाणे सगळं बरोबर आहे. नापास करायला मला जागाच नाही." मी हं म्हणालो. "बेडरूममध्ये पाळणा आहे." मी डबा बाजूला सारला. मार्चमध्ये त्या रिटायर होऊन ॲरिझोनाला मुलाकडे जाणार होत्या, आणि जाण्याआधी काउन्सिलने ती दुरुस्ती पुन्हा एकदा ऐकायचं कबूल केलं होतं. मी म्हणालो, मावशी, मी येतो. या वेळी आभार नाहीत, काही नाही, मी सगळं सांगतो. त्या म्हणाल्या, "तू आता घरमालक आहेस, बाळा. पुन्हा तुझं मागचं भाषण त्यांच्या रेकॉर्डमध्ये आहे. त्यांना भाडेकरू पाहिजे." कडवटपणा नव्हता त्यात, नियम समजावून सांगतात तसं सांगितलं. मला ते फार लागलं.

त्या संध्याकाळी मी स्नेहलला फोन केला. सगळं सांगितलं: गॅरेजवरची जमीन, भिंत, जुईचे चार दिवस, डॉक्टर काय म्हणाल्या ते. ती घाबरली; तिचं बाळ तीन महिन्यांचं होतं आणि ते खोकत असल्याचं मला फोनवर ऐकू येत होतं. मी म्हणालो, तुला फक्त तीन मिनिटं बोलायचंय, मी शेजारी उभा राहतो, मावशी तुला तयार करतील. तिने बाळाला शांत केलं. मग म्हणाली, "पण दादा, असं काउन्सिलसमोर जाऊन... काकांना किती वाईट वाटेल. परवाच येऊन हीटर देऊन गेले. तुम्हीच तर म्हणाला होतात ना, काका फार चांगले आहेत म्हणून?"

"हो," मी म्हणालो. "चांगलेच आहेत."